पावसाळा, जुना पियानो आणि पाठ असलेली ‘फ्युर एलिसे’

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात फोंड्याजवळचे एक गृहस्थ, वय त्रेचाळीस. शाळेत असताना मोठ्या बहिणीकडून बेथोव्हेनची ‘फ्युर एलिसे’ शिकले, ती अजून पाठ आहे. बहीण आता लंडनला असते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तिला यायला जमणार नाही, म्हणून त्याआधी ती रचना नीट रेकॉर्ड करून तिला पाठवायची आहे. हातात सहा आठवडे आणि दहा हजार रुपये. पियानो घरचाच, जुना अपराइट, म्हणजे उभ्या तारांचा. ते लिहितात: “वाजवताना बरे वाटते, पण मोबाईलवर ऐकले की लाज वाटते. मध्येच अडखळतो, काही पट्ट्या दाबल्या की खालीच बसून राहतात आणि सगळा आवाज घागरीतून आल्यासारखा येतो. कोणता माइक घेऊ?”

माइकचे शेवटी बघू. तुमच्या तीन तक्रारींत माइकची एकही नाही. अडखळणे बोटांचे आहे, पट्ट्या बसणे पावसाचे आणि घागर खोलीची. दहा हजारांचा माइक आणलात तर या तिन्ही गोष्टी आतापेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येतील, एवढाच फरक पडेल. म्हणून क्रम उलटा लावा. आधी वाजवणे, मग पियानो, मग खोली आणि उरलेल्या पैशात माइक.

काही गोष्टी इथे बसून सांगता येत नाहीत. पियानोच्या पिना (तारा गुंडाळलेल्या खुंट्या) तार धरून ठेवतात की सैल झाल्या आहेत, लाकडाला वाळवी लागली आहे का, खोली मातीच्या भिंतींची कौलारू आहे की स्लॅबची, हे बघूनच कळते. रोज तीस-चाळीस मिनिटे बसता येईल असे धरून पुढचे लिहितो. तेवढा वेळ मिळणार नसेल, तर तारीख चवथीऐवजी नोव्हेंबरात ढकला. पियानोच्या दृष्टीनेही तेच बरे.

आता वाजवण्याकडे. पाठ असणे दोन प्रकारचे असते. एकात पुढे काय येणार हे डोक्याला माहीत असते. दुसऱ्यात एक सूर वाजला की बोट आपोआप पुढच्या सुराकडे जाते. लहानपणी पाठ झालेल्या रचना बहुधा दुसऱ्या प्रकारच्या असतात. साखळी सुरू झाली की शेवटपर्यंत जाते, मध्ये एक कडी निसटली की पुन्हा पहिल्यापासून. घरी कोणी ऐकत नसताना कडी निसटत नाही. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दिसला की लक्ष बोटांकडे जाते आणि नेमकी तेव्हाच निसटते. हा घाबरटपणा नव्हे. आजवर ज्या कामाकडे लक्ष द्यावे लागले नाही, त्याकडे अचानक लक्ष गेले, एवढेच.

तपासायचे असेल तर आज रात्री एवढे करा. एफ मेजर स्वरातल्या मधल्या भागाच्या पहिल्या बारपासून (बार म्हणजे प्रतीवरच्या दोन उभ्या रेघांमधला कप्पा) थेट सुरुवात करा, आधीचे काही न वाजवता. मग मूळ धूनेचा फक्त डावा हात वाजवा, उजवा मांडीवर ठेवून. दोन्ही जमले तर तुमचे पाठांतर पक्के आहे. बहुतेकांना दुसरे जमत नाही.

जमले नाही तर पहिला आठवडा रचना सलग वाजवूच नका. कठीण वाटेल, कारण पियानोवर बसल्याबरोबर हात सुरुवातीच्या त्या दोन सुरांकडे, ई आणि डी-शार्पकडे, जातात. पण सलग वाजवले की जुन्या चुका पुन्हा घट्ट होतात. नवीन, कोरी प्रत घ्या. बहिणीच्या खुणांची जुनी प्रत जपून ठेवा, पण तिच्यावरून वाजवू नका. त्या वेळचे बोटांचे आकडे (अंगठा १, करंगळी ५) लहान हातासाठी होते. सुरुवातीच्या ई–डी-शार्पला मुलांना बहुधा ५-४ शिकवतात. ते असमान येत असेल तर ४-३ करून बघा. मग पुढचे बी-डी-सी-ए हे १-३-२-१ असे येते. बी आणि ए दोन्ही अंगठ्यावर, बाकी हात जागचा हलत नाही. जे ठरवाल ते पेन्सिलने लिहा आणि धून जितक्या वेळा येईल तितक्या वेळा तेच वापरा. एकदा असे आणि एकदा तसे, हे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते.

नवी प्रत उघडलीत की आणखी एक गोष्ट नजरेला पडेल. सातव्या बारमध्ये उजव्या हाताचा दुसरा सूर काही प्रतींत ई असतो, काहींत डी. या रचनेचे बेथोव्हेनच्या हातचे पूर्ण हस्तलिखित आज उपलब्ध नाही. लुडविग नोल या संगीत अभ्यासकाने ती १८६७ मध्ये प्रथम छापली, म्हणजे बेथोव्हेन जाऊन चाळीस वर्षे झाल्यावर. तेव्हापासून छापील प्रतींत बहुतेक ठिकाणी ई आहे आणि त्यावर वाद आहे. तुमच्या कानात जो बसला आहे तो ठेवा. बहिणीने ई शिकवला असेल आणि तुम्ही डी वाजवलात, तर तिला ती चूकच वाटेल. फक्त दर वेळी एकच ठेवा.

मग रचनेत सात ठिकाणे ठरवा, जिथून झोपेतून उठवले तरी सुरू करता आले पाहिजे. सुरुवात. नववा बार. एफ मेजरचा भाग. त्यानंतर परतलेली धून. डाव्या हातात खालचा ए सतत वाजत राहतो तो भाग. ट्रिपलेट्सची (तीन-तीन सुरांच्या गटांची) चढण. शेवटची धून. रोज यातली तीन, वाटेल त्या क्रमाने. आज शेवटापासून, उद्या मधून.

ही रचना लोक अवघड जागी जितके चुकतात त्याहून जास्त सोप्या जागी चुकतात. मूळ धून परत परत येते, अक्षरशः तशीच. प्रत्येक वेळी तिच्या शेवटी रस्ता फुटतो. एकदा एफ मेजरकडे, एकदा खालच्या ए कडे, एकदा शेवटाकडे. बोटांना तिन्ही वळणे सारखीच दिसतात, म्हणून दुसऱ्यांदा एफ मेजरमध्ये शिरण्याचा प्रकार नेहमी घडतो. उपाय सोपा आहे. धूनेचे शेवटचे दोन बार आणि पुढच्या भागाचे पहिले दोन बार, असे चार बारचे सांधे वेगळे काढून वाजवा. तीन सांधे, रोज प्रत्येकी पाच वेळा. वळणाच्या आधी मनात पुढच्या भागाचा डाव्या हाताचा पहिला सूर म्हणा. बोटे त्याच्या मागे जातात.

दुसरी सोपी वाटणारी जागा बारा ते पंधरा बारची. ई चे सप्तक दोन्ही हातांत वर चढते, मग डी-शार्प आणि ई यांची हेलकावणी सुरू होते आणि तिच्यातूनच धून परत उगवते. ही हेलकावणी किती वेळा करायची ते बहुतेक जण अंदाजाने करतात. कधी एक जास्त, कधी एक कमी. ऐकणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण पाय अडखळल्यासारखे वाटते. मोठ्याने “एक-दोन-तीन” म्हणत क्वेव्हर (या रचनेत बारला तीन) मोजा आणि कोणता सूर कोणत्या हाताला हे प्रतीवर लिहा. दोन दिवसांचे काम आहे.

लयीचे गणित आधी करून ठेवा. सगळ्यांची सवय अशी की सुरुवात येते म्हणून जोरात निघायचे आणि एफ मेजरच्या भागात डेमीसेमीक्वेव्हर (एका क्वेव्हरमध्ये चार) आले की ब्रेक दाबायचा. घरी हे जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये बस घाटात चढल्यासारखी ऐकू येते. लय सुरुवातीवरून ठरवायचीच नाही, त्या अवघड ओळीवरून ठरवायची. मेट्रोनोमवर (लय मोजणाऱ्या यंत्रावर) क्वेव्हर मिनिटाला १२६ ठेवले, तर डेमीसेमीक्वेव्हर सेकंदाला आठाहून थोडे जास्त येतात. हौशी हाताला सरावाने ते जमते. जमत नसेल तर ११२ ठेवा आणि सुरुवातही ११२ वरच करा. प्रतीवर वर लिहिलेले ‘पोको मोटो’ म्हणजे थोडी गती, धावाधाव नव्हे. अवघड ओळ ६३ पासून चालू करून रोज चार-चार अंकांनी वर न्या. एखाद्या दिवशी अडली तर दुसऱ्या दिवशी आठ अंक खाली उतरून पुन्हा चढा.

उतरत्या क्रोमॅटिक सप्तकाला (एकही काळी-पांढरी पट्टी न सोडता उतरणाऱ्या ओळीला) काळ्या पट्टीवर ३, पांढरीवर १, फक्त सी आणि एफ वर २. यात सुधारणा करायला जाऊ नका.

तिसऱ्या आठवड्यापासून रोज एक टेक, म्हणजे पूर्ण रचनेचे एक रेकॉर्डिंग, मोबाईलवर घ्या. एकच आणि न थांबता. चुकले तरी पुढे जायचे. ऐकायचे मात्र दुसऱ्या दिवशी, प्रत समोर ठेवून. लगेच ऐकले तर कान अजून वाजवणाऱ्याचेच असतात. पाच टेक झाले की खुणा बघा. जी चूक पाचांपैकी तीनदा आली ती खरी चूक, तिच्यावर काम करा. एकदाच आलेली सोडून द्या. मी वाजवणाऱ्यांना हा हिशेब मुद्दाम करायला लावतो. नाहीतर काल ऐकलेल्या शेवटच्या चुकीच्याच मागे आठवडा जातो आणि मुख्य दुखणे तसेच राहते.

आता पियानो. तुमची वेळ सगळ्यांत वाईट आहे, हे सांगून टाकतो. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास घुटमळते. पियानोच्या आतली लाकडे आणि फेल्ट ते पाणी पितात. साउंडबोर्ड (तारांमागची, आवाज मोठा करणारी लाकडी फळी) फुगतो, तारांना वर ढकलतो आणि स्वर चढतात. ते सगळीकडे सारखे चढत नाहीत, मधल्या भागात जास्त. म्हणून पावसात पियानो नुसता चढलेला नसतो, आपापसात बिघडलेला असतो. पट्टीच्या खालच्या खुंटीभोवतीचे फेल्ट फुगले की पट्टी घट्ट होते. हातोडीचा सांधा घट्ट झाला की हातोडी तारेला लागून परत येत नाही. तुमच्या “खाली बसणाऱ्या पट्ट्या” यांपैकीच एक. हे ओळखणे सोपे आहे. बसलेली पट्टी बोटाने वर उचलली आणि ती जड वाटली, तर दोष पट्टीत. पट्टी सहज हलते पण सूर पुन्हा वाजत नाही, तर दोष वर हातोडीकडे. ट्यूनरला फोनवर हे सांगितलेत तर तो योग्य हत्यार घेऊन येईल.

या रचनेत हे कुठे नडेल ते आधीच तपासा. डाव्या हातात खालचा ए सेमीक्वेव्हरमध्ये (एका क्वेव्हरमध्ये दोन) सतत वाजतो. १२६ च्या लयीला म्हणजे सेकंदाला चारपेक्षा थोडे जास्त. चांगल्या अपराइटला हे जड नाही, पण सांधे घट्ट असतील तर तिसरा-चौथा ए गिळला जातो. बोटांना दोष देण्याआधी तो एकच ए सेकंदाला चार या गतीने वीस वेळा वाजवा आणि मोजा. वीस ऐकू आले पाहिजेत. सतरा आले तर सराव बंद करा, ट्यूनरला बोलवा.

ट्यूनर येण्याआधी निदान दहा दिवस खोली कोरडी ठेवायला हवी. काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक आणून पियानोजवळ ठेवा. पुस्तकात ४० ते ५० टक्के लिहिलेले असते. पावसाळ्यातल्या गोव्यात तो आकडा धरून बसू नका. ६० ते ६५ वर स्थिर राहिली तरी पुष्कळ झाले. आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची. दिवसा एसी लावून ५० वर आणायची आणि रात्री खिडक्या उघडून ८५ वर न्यायची, हे पियानोला नुसत्या ओलीपेक्षा वाईट. डीह्युमिडिफायर विकत घेण्याऐवजी महिनाभर भाड्याने किंवा नातेवाइकांकडून मिळतो का बघा. दारे-खिडक्या बंद ठेवून लावला की पहिले काही दिवस बादली भरत राहील, मग पाणी कमी होईल. ते कमी झाले म्हणजे लाकडेही थोडी सुकायला लागली. एसीचा झोत मात्र पियानोवर येऊ देऊ नका.

आपल्याकडे बऱ्याच घरांत पियानोच्या खालच्या फळीमागे बल्ब लावायची पद्धत आहे. तत्त्व बरोबर आहे, थोडी ऊब राहिली की ओल कमी राहते. पण जुने तापणारे बल्ब आता सहज मिळत नाहीत, एलईडीने ऊब येत नाही, आणि लाकूड-फेल्टच्या पेटीत उघडा गरम बल्ब मला कधीच पटला नाही. पियानोसाठी बनवलेली कमी वॉटची गरम कांडी मिळते. ती ट्यूनरकडून बसवून घ्या. रेकॉर्डिंगसाठी नाही तरी पियानोसाठी.

ट्यूनिंगबद्दल एक आग्रह. ट्यूनर कदाचित म्हणेल की पियानो ४४० हर्ट्झ या प्रमाण उंचीला आणू. मोबाईलवरच्या ॲपने मधला ए तपासा. तो ४३२ च्या आसपास असेल तर पियानो सुमारे ३२ सेंट खाली आहे, म्हणजे अर्ध्या सुराचा जवळजवळ एक तृतीयांश. दोनशेहून जास्त तारा एवढ्या वर ओढल्या की जुनी गंजलेली एखादी तुटते. न तुटल्या तरी सगळ्या पुढचे काही आठवडे खाली घसरत राहतात. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेतला पियानो असेल तर तुटण्याची भीती आणखी. तुम्ही एकटेच वाजवणार आहात, सोबत व्हायोलिन नाही. मग ४४० हवेच कशाला? आहे त्या उंचीवर आपापसात जुळवून घ्या. मधल्या सुरांना तीन-तीन तारा असतात. त्या तिन्ही एका आवाजात आल्या पाहिजेत, लाट ऐकू येता कामा नये. एवढे झाले तर लंडनमध्ये कुणाला आठ हर्ट्झचा फरक कळणार नाही. ट्यूनिंग रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी किंवा त्याच्या आधल्या दिवशी. आठवडाभर आधी केलेले ट्यूनिंग पावसाळ्यात नसल्यासारखेच. त्याच वेळी पेडलची करकर, सैल स्क्रू, थरथरणारी फळी हेही काढून घ्या. पियानोवरचे फोटो, फुलदाण्या आणि समयी उचला. त्यातले काहीतरी एका ठरावीक सुराला नक्की गुणगुणते.

पिना तार धरतच नसतील, तर हट्ट सोडा. ८८ भारित पट्ट्यांचा डिजिटल पियानो दोन दिवस मागून आणा, त्यातून थेट यूएसबी किंवा लाइन-आउटने रेकॉर्ड करा आणि खोलीबद्दलचे पुढचे परिच्छेद सोडून द्या. आवाज स्वच्छ येईल. घरच्या पियानोचा येणार नाही, आणि बहिणीला बहुधा तोच ऐकायचा असेल. म्हणून मी हा दुसरा पर्याय धरतो, पहिला नाही.

खोली. घागरीचा आवाज टाइल्सच्या लादीमुळे आणि कोऱ्या भिंतींमुळे येतो. खोलीच्या मध्ये उभे राहून एक टाळी वाजवा. मागोमाग “टिर्र” असा पत्र्यासारखा आवाज आला तर दोन समोरासमोरच्या भिंती एकमेकींकडे आवाज फेकत आहेत. त्यांतल्या एका भिंतीला गाद्या उभ्या टेका, जमिनीवर सतरंजी किंवा जाड गोधड्या पसरा, कपड्यांनी भरलेले कपाट असेल तर त्याचे दार उघडे ठेवा. पुन्हा टाळी. सगळा घुम घालवायचा नाही, फक्त तो टिर्र. अपराइट भिंतीला चिकटून असेल तर हातभर पुढे ओढा. नुसत्या तेवढ्याने खालचे सूर मोकळे होतात. ओढताना दोघे-तिघे लागतील. जुन्या पियानोची चाके लादीवर विसंबण्यासारखी नसतात.

वेळ कोणती निवडायची यावर बरेच अवलंबून आहे. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा, मासेवालीची हाक, शाळेच्या बसगाड्या. संध्याकाळी पुन्हा पोदेर, आणि चवथ जवळ आली की वाड्यावर घुमट (मातीचे तालवाद्य) आरतीचा सराव. रात्र शांत वाटते, पण पावसाळ्यात बेडूक आणि रातकिडे माइकला तुमच्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतात. राहिली दुपार. दीड ते साडेतीन, अख्खा गोवा आडवा झालेला असतो, त्या वेळेला तोड नाही. पत्र्याचे छप्पर असेल तर पावसाची उघडीप बघून बसा. पंखा, फ्रिज, पंप, एसी, डीह्युमिडिफायर सगळे बंद. फ्रिज बंद केल्याची चिठ्ठी दाराला लावा, नाहीतर संध्याकाळी मासे वास मारतील. लॅपटॉप वापरणार असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बारीक गुणगुण त्यातूनच येते. फोन विमान मोडवर. एसी बंद झाला की खोली पुन्हा ओल धरू लागते, म्हणून सगळे काम पाऊण-एक तासात आटपायचे.

आता तो माइक. मोबाईलची खरी अडचण ही की बहुतेक ॲप्स आवाजाची पातळी आपोआप खालीवर करतात. तपासा असे: एक जोरदार कॉर्ड वाजवा आणि गप्प बसा. ऐकताना दोन-तीन सेकंदांनी मागची सुसू हळूहळू वाढत गेलेली ऐकू आली, तर ॲप पातळी वर ओढत आहे. तुमचा हळू आणि जोरात यांतला फरक तेच खाते. ज्यात ही सोय बंद करता येते आणि डब्ल्यूएव्ही फाइल मिळते असे ॲप घ्या, पैसे वाचतील. घ्यायचेच असेल तर हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर घ्या, झूम एच१एन किंवा त्या जातीचा. त्यातले ऑटो लेव्हल आणि लिमिटर (पातळी आपोआप बदलणाऱ्या सोयी) बंद, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. स्टँड मात्र हवाच. पियानोवर ठेवलेल्या माइकमध्ये सुरांबरोबर लाकडाचे धक्केही येतात.

अपराइटचे वरचे झाकण उघडा, पुढची वरची फळी काढा. रेकॉर्डर तुमच्या उजव्या खांद्यामागे, उभ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, तारांपासून अडीच-तीन फुटांवर. जवळ नेला तर हातोड्यांची खटखट येते, लांब नेला तर घागर परत येते. साउंडबोर्डच्या मागून घेतले तर आवाज गोल येतो, पण ओलसर हातोड्या आधीच बोथट वाजत असतात, त्यात आणखी बोथटपणा नको. म्हणून पावसात मी पुढूनच घेईन. जागा ठरली की जमिनीवर टेप लावून खूण करा.

पातळी सुरुवातीच्या हळुवार ई वर ठरवू नका. खालच्या ए वर कॉर्ड चढत जातात तो सर्वांत जोराचा भाग वाजवा आणि काटा उणे १० डेसिबलच्या आसपास थांबेल असे करा. प्रत्यक्ष टेकमध्ये माणूस थोडा जोरातच वाजवतो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी पूर्ण रचना आधी वाजवू नका. वीस मिनिटे स्केल्स आणि ते तीन सांधे, बस. मग रेकॉर्डर चालू करून अर्धा मिनिट काहीच न वाजवता खोलीची शांतता घ्या, पुढे जोडकामाला लागते. तीन टेक. पुनरावृत्ती धरून एक टेक साधारण तीन मिनिटांचा. दहा मिनिटे उठा, पाणी प्या, ऐकू नका. आणखी दोन टेक आणि बंद. सहाव्या टेकपासून बोटे थकलेली असतात आणि मन चुका टाळण्यात गुंतते. मग चुका होत नाहीत आणि बाकीचेही काही होत नाही.

पेडलची एक सूचना. मोकळ्या झाकणाने आणि माइकजवळ बसल्याने घरी जेवढे पेडल बरे वाटते ते रेकॉर्डिंगमध्ये चिखल वाटते. सुरुवातीच्या ई–डी-शार्पला पाय उचललेला. दुसऱ्या बारपासून प्रत्येक बारच्या पहिल्या सुराबरोबर दाबा, बार संपण्याआधी सोडा. डावे पेडल या पियानोंत हातोड्या फक्त जवळ आणते, सूर मऊ करत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

जोडायचे असेल तर ऑडासिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोनच जोड द्या, त्याहून जास्त नको. कापायची जागा नव्या सुराच्या आघाताच्या लगेच आधी, क्रॉसफेड (एक तुकडा विरत दुसरा वर येणे) दहा-वीस मिलिसेकंद. पेडलखाली घुमत असलेल्या सुराच्या मध्ये कापलेत तर मागचा घुम अचानक बदलतो आणि जोड लगेच ओळखू येतो. दोन्ही टेक त्याच दिवसाचे, माइक त्याच खुणेवर असलेले. सोमवारचा पियानो आणि गुरुवारचा पियानो पावसाळ्यात दोन वेगळे पियानो असतात. नॉइज रिडक्शन वापरलेत तर अगदी थोडे. जास्त केले की सूर पाण्याखालून येतात. लांबचा एखादा कावळा राहिला तर राहू द्या, लंडनमध्ये आपल्याकडचा कावळा मिळत नाही. शेवटी सर्वांत वरची पातळी उणे १ डेसिबलवर आणा. हळू आणि जोरात यांतला फरक कमी करणारा कंप्रेसर लावू नका.

रचना कॉपीराइटमधून कधीच मोकळी झालेली आहे, त्यामुळे पाठवायला आणि चढवायला अडचण नाही. यूट्यूबवर टाकलीत तर यंत्र कधीकधी दुसऱ्याच कोणाचे रेकॉर्डिंग समजून दावा लावते. तुम्ही स्वतः वाजवले आहे असे लिहून तो दावा फेटाळता येतो. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि शेवटचा ए वाजला की पट्टी सोडू नका, पायही उचलू नका. चार-पाच सेकंद तसेच बसा, सूर खोलीत पूर्ण विरेपर्यंत. टेक चांगला गेला की लगेच “जमले!” म्हणून रेकॉर्डरकडे वळतात, आणि ते “जमले” सुराच्या शेपटीवर कायमचे बसते.